पाण्याचा दिवस धरून घर कसे बसवावे

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या पतसंस्थेत नोकरी करतात, यजमान अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात शिफ्टने कामाला आहेत, मुलगी पाचवीत आहे, मुलगा चार वर्षांचा आहे आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे फारसे चालू न शकणाऱ्या सासूबाई सोबत राहतात. घरकामाची अनेक वेळापत्रके त्यांनी करून पाहिली, पण प्रत्येक वेळापत्रक दोन-तीन आठवड्यांत मोडते, रविवार सगळा धुण्यापुसण्यात जातो आणि मुलांच्या वाट्याला आई येते ती ओरडण्यापुरतीच. माझ्यातच काही कमी आहे का, असे त्यांनी विचारले आहे. पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीन घेतल्याने काही फरक पडेल का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

ताई, कमी तुमच्यात नाही, हे आधी स्पष्टपणे सांगते. नोकरदार आणि कष्टकरी मातांसाठी गृहव्यवस्थापनाचे वर्ग घेताना सोलापूरच्या जवळजवळ प्रत्येक पेठेतून मी हीच तक्रार ऐकत आले आहे, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते. आपण जी वेळापत्रके वाचतो किंवा नातेवाइकांकडून ऐकतो, ती सात दिवसांच्या आठवड्यावर बसवलेली असतात. सोमवारी चादरी, बुधवारी फरशी, रविवारी मोठे धुणे, असा त्यांचा क्रम असतो. ज्या गावात नळाला रोज पाणी येते तेथे हा क्रम चालतो. आपल्याकडे शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरील उजनी धरणातून पाणी आणावे लागते आणि ते शहराच्या बहुतेक भागांत चार दिवसांआड, म्हणजे पाचव्या दिवशी सुटते. हे चक्र आणि आठवडा यांचा मेळ बसत नाही. आज रविवारी पाणी आले, तर पुढचे शुक्रवारी, त्यानंतर बुधवारी, मग सोमवारी, शनिवारी, गुरुवारी, मंगळवारी, आणि पुन्हा रविवारी यायला 35 दिवस लागतात. म्हणजे 'रविवारी मोठे धुणे' हे वेळापत्रक पाच आठवड्यांतून एकदाच नळाशी जुळते. उरलेल्या चार रविवारी तुम्ही साठवणीच्या पाण्यात धुणे धुता, टाकी तळाला जाते, पुढचे दोन दिवस काटकसरीत आणि चिडचिडीत जातात, आणि दोष मात्र स्वतःला देता.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, घरातील कामांचे दोन भाग करा. पाणी लागणारी सर्व कामे पाण्याच्या दिवसाला बांधा आणि बाकीची कामे आठवड्याच्या वारांना बांधा. हे दोन्ही एका तक्त्यात कोंबू नका.

प्रथम पाण्याचा हिशोब पाहू. तुमच्याकडे एक हजार लिटरची टाकी आहे असे धरले, माणसे पाच आणि दिवस पाच धरले, तर माणशी रोज 40 लिटर पाणी येते. पाणी एक दिवस उशिरा येण्याची तयारी ठेवायची झाली, आणि जलवाहिनी फुटल्यामुळे किंवा पंपगृहाची वीज गेल्यामुळे तशी वेळ येतेच, तर हाच आकडा 33 लिटरवर येतो. आंघोळीच्या एका बादलीतच 15 ते 20 लिटर जातात. उरलेल्यात शौचालय, भांडी आणि हातपाय धुणे भागवायचे असते. या हिशोबात मोठ्या धुण्याला जागाच नाही. ते नळ चालू असताना, वाहत्या पाण्यावरच उरकले पाहिजे. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी या टाकीत धरू नये. ते वेगळे साठवावे. पाच माणसांना उन्हाळ्यात दिवसाला 25 ते 30 लिटर धरले, तर पाच दिवसांना साधारण दीडशे लिटर होते. झाकणाचे एक स्टीलचे पिंप आणि तीन-चार हंडे-कळशा एवढ्यात ते मावते.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाण्याच्या अपेक्षित तारखांना निळी खूण करण्याचे काम मुलीकडे द्या. पाणी प्रत्यक्ष सुटल्यावर तिने तेथे वेळही लिहावी. दोन महिन्यांत तुमच्या गल्लीत पाणी केव्हा सुटते आणि किती तास राहते, याचा अंदाज या नोंदींवरून बांधता येईल, आणि मुलीला पाच-पाचने मोजणे कायमचे येईल.

खरी बचत पाण्याच्या आदल्या दिवशी होते. आपल्याकडे नवे पाणी आले की जुने 'शिळे' म्हणून ओतून देण्याची सवय आहे, किंवा याच्या उलट, जुन्यावरच नवे भरत राहण्याची. दोन्ही टाळावे. झाकून ठेवलेले पाणी चार दिवसांत टाकून देण्याजोगे होत नाही. ते आदल्या संध्याकाळी न्हाणीघर घासायला, फरशी पुसायला, कुंड्यांना आणि उंबऱ्यापुढचे अंगण धुवायला वापरावे. अशा रीतीने साफसफाईचे पाणी वेगळे काढावे लागत नाही आणि पिंपे रिकामी होतात. रिकामे पिंप नुसते विसळून पुरत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीवर अंडी घालतो, ती अंडी कोरड्यावरही काही महिने तग धरतात आणि पाणी लागले की फुटतात. अंड्यापासून उडता डास होण्यास उबदार हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून भिंती काथ्याने किंवा ब्रशाने खरवडून घासल्या, पिंप अर्धा तास पालथे घातले आणि मग भरले, तर पाच दिवसांचे आपले चक्र डासाच्या चक्रापेक्षा लहान पडते आणि त्या पिंपात डास तयार होत नाही. जो टंचाईचा त्रास आपण भोगतो, त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. फ्रिजच्या मागची पाण्याची ताटली, कूलरची टाकी आणि कुंड्यांखालच्या बशा यांनाही त्याच दिवशी हात लावावा.

तुमच्या घरात चार वर्षांचे मूल आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहिते. भरलेली बादली किंवा बुटके पिंप लहान मुलासाठी खरोखर धोक्याचे असते. मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. वाकून पाहताना ते तोंडावर पडले, तर थोड्या पाण्यातही त्याला बाहेर येता येत नाही आणि आवाजही होत नाही. पिंपांची झाकणे दोरीने किंवा वजन ठेवून बंद ठेवा, भरलेल्या बादल्या जमिनीवर उघड्या ठेवू नका आणि न्हाणीघराला बाहेरून, मुलाच्या हाताला न लागेल अशा उंचीवर कडी लावून घ्या.

पाणी सुटल्यावरचा क्रमही ठरलेला असावा, म्हणजे झोपेतून उठूनही विचार करावा लागत नाही. सुरुवातीचे काही मिनिटे येणारे पाणी बहुधा गढूळ असते. ते धुण्याच्या पहिल्या बादलीत जाऊ द्यावे. पाणी स्वच्छ झाले की आधी पिण्याचे हंडे आणि पिंप भरावे, मग टाकीची मोटर लावावी, आणि टाकी भरत असताना धुण्याचा पहिला घाणा मशीनमध्ये घालावा. पिण्याचे पाणी दुहेरी सुती कापडाने गाळून, खळखळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर उकळावे किंवा घरातील शुद्धीकरण यंत्रातून काढावे. ते घेताना पेला बुडवू नये, लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. पाच दिवस साठवलेले पाणी बिघडते ते बुडवलेल्या बोटांमुळे.

आता तुमच्या मशीनच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. पूर्ण स्वयंचलित यंत्र दर घाण्याला नवे पाणी घेते, वापरलेले बाहेर सोडते आणि त्याला नळाचा दाबही लागतो. आपल्या परिस्थितीत अर्धस्वयंचलित यंत्र अधिक सोयीचे ठरते. त्यात बादलीने पाणी भरता येते, गणवेशांचे साबणाचे पाणी पुढच्या घाण्यात घरच्या कपड्यांना आणि शेवटी पायपुसण्यांना वापरता येते, आणि खळबळलेले पाणी शौचालयासाठी काढून ठेवता येते. कपडे एका कप्प्यातून दुसऱ्यात टाकण्याचे श्रम वाढतात, हे खरे, परंतु ते काम दहा वर्षांची मुलगी किंवा यजमान सहज करू शकतात. पैसे शिल्लक राहत असतील, तर ते मोठे यंत्र घेण्यापेक्षा गणवेशाच्या तिसऱ्या जोडावर खर्च करा. पाच दिवसांच्या चक्रात दोन जोड पुरत नाहीत; मधल्या दिवशी रात्री गणवेश धुवावा लागतो, आणि अशी मधली धुणी थकवा आणतात. मोजे, आतले कपडे आणि रुमाल तेवढे रोज आंघोळीच्या वेळीच ज्याचे त्याने धुवावेत. जाड सोलापुरी चादरी दर चक्राला धुण्याची गरज नाही. त्यांना चांगले ऊन दाखवावे आणि एक चक्र सोडून धुवाव्यात. आपल्या उन्हाळ्यात त्या दोन तासांत खडखडीत वाळतात.

पाण्याच्या दिवसाचा दुसरा अर्धा भाग स्वयंपाकघरात आहे. पाणी संध्याकाळी किंवा रात्री सुटणार असेल, तर त्या दिवशी रात्रीचा नेहमीचा स्वयंपाक करायचा नाही, असा नियम करावा. अर्थात कोणी उपाशी राहणार नाही. कडक भाकरी, येसर आमटी, शेंगाचटणी, दही आणि कांदा, हा त्या रात्रीचा ठरलेला बेत. आपल्या पूर्वजांनी प्रवासासाठी आणि शेतावरच्या कामाच्या दिवसांसाठी जे पदार्थ घडवले, ते आज नोकरी करणाऱ्या आईला जितके उपयोगी आहेत, तितके दुसरे काहीही नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर भाजून मंद आचेवर पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत वाळवली की तिच्यात ओल राहत नाही. हवाबंद डब्यात ती काही आठवडे टिकते. शहरात अनेक महिला ती घरगुती व्यवसाय म्हणून करतात, त्यामुळे स्वतः करण्याचा आग्रह धरू नये. विकत आणलेली भाकरीही भाकरीच असते.

येसर मात्र वर्षातून दोनदा घरी करून ठेवावे किंवा खात्रीच्या ठिकाणाहून आणावे. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि तांदूळ वेगवेगळे खरपूस भाजायचे, धने, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, खोबरे असा मसाला थोड्या तेलावर परतायचा आणि सगळे एकत्र दळायचे. प्रमाण घरोघरी वेगळे असते आणि ते सासूबाईंना विचारलेले चांगले. आमटी करताना मोहरी, जिरे, लसूण आणि कढीपत्त्याची फोडणी करून त्यात काळे तिखट घालावे, पाणी ओतून उकळी आणावी, आणि वाटीभर गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवलेले येसर त्यात सोडून सात-आठ मिनिटे उकळू द्यावे. येसर कोरडे टाकले की गाठी होतात आणि थेट गरम पाण्यात कालवले तरी होतात. गार पाण्यातच कालवावे. धान्य आणि डाळ दोन्ही असल्यामुळे ही आमटी पोटाला आधार देते, आणि हंडे भरता भरता ती होते.

शेंगाचटणीबद्दल दोन शब्द. तिच्यात पाण्याचा थेंब नसतो, म्हणून ती टिकते. भाजलेल्या शेंगदाण्यांची साले पाखडून लसूण, जिरे, तिखट आणि मीठ यांच्यासह उखळात कुटली की दाण्याचे तेल सुटून चटणी ओलसर, एकजीव होते. मिक्सर सलग फिरवला तर आधी कोरडा कूट होतो आणि मग एकदम लगदा. म्हणून थोडे थोडे दाणे घेऊन थांबत थांबत फिरवावे. उन्हाळ्यात दाणे लवकर खवट होतात, तेव्हा पंधरा दिवसांपुरतीच करावी आणि बरणीत कोरडाच चमचा घालावा.

बाकीचा स्वयंपाक वारांना बांधावा, कारण बाजार वारावर भरतो. तुम्ही मंगळवार बाजारातून भाजी आणत असाल, तर मंगळवार आणि बुधवार पालेभाज्या, गुरुवारी आणि शुक्रवारी वांगी, दोडका, गवार, आणि भाजी संपत आली की शनिवारपासून मटकी, हुलगे, चवळी यांच्या उसळी. 'आज काय करू' हा प्रश्न रोज सकाळी उभा राहिला की अर्धी शक्ती त्यातच जाते. आठवड्याचा बेत एकदा ठरला आणि तो महिनाभर तसाच ठेवला, तर घरातील कोणीही तक्रार करत नाही. उलट मुलांना कोणत्या वारी काय असते हे ठाऊक झाले की ती निमूट जेवतात. मोड आणण्याचे काम आदल्या सकाळी मटकी भिजवून संध्याकाळी फडक्यात बांधण्याइतके सोपे आहे; आपल्या उष्णतेत दुसऱ्या सकाळपर्यंत मोड येतात, मे महिन्यात त्याहूनही लवकर, तेव्हा त्या दिवसांत फडके ओट्यावर विसरू नये, नाहीतर मटकी आंबते.

भाकरीसाठी दळण किती आणावे, हा विषय लहान वाटतो, परंतु संध्याकाळची वीस मिनिटे त्यावर अवलंबून असतात. ज्वारीचे पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणावे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, ती तव्यावर टाकताना तुटते, आणि दमून आलेल्या बाईचा सारा संयम तेथे संपतो. चुकून पीठ जुने झालेच, तर आधणाच्या पाण्यात मळावे, म्हणजे ते धरून येते. सुगीनंतर मालदांडी ज्वारी वर्षाची घेऊन, उन्हात तापवून, गार झाल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी आणि दळण यजमानांच्या नावावर लिहावे. सकाळी डब्यासाठी पोळ्या आणि रात्री भाकरी, अशी वाटणी ठेवली तर दोन्ही वेळा दोन्ही करण्याची धावपळ टळते. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्या जिल्ह्याचे हे धान्य डब्यात नेण्याची मुलांना लाज वाटू नये, याचीही काळजी आपणच घ्यायची आहे. मुलीच्या डब्यात आठवड्यातून एकदा शेंगापोळी द्या. दाण्याचा कूट आणि गूळ भरलेली ही पोळी एकदा करून ठेवली की चार-पाच दिवस चांगली राहते.

एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा शिजवलेले अन्न ओट्यावर ठेवण्याचे नियम बदलावेत. एरवी दोन तास चालतात. त्या दिवसांत तासाभरात अन्न फ्रिजमध्ये गेले पाहिजे. भात विशेष जपावा. भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचा असेल, तर तो जेवण होताच पसरट भांड्यात गार करून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा.

सासूबाईंविषयी तुम्ही फक्त त्यांच्या दुखण्याचा उल्लेख केला आहे. त्या काय काय करू शकतात, हेही लिहिले असते, तर मला अधिक आनंद झाला असता. गुडघे दुखणारी व्यक्ती बसून भाजी निवडते, लसूण सोलते, शेंगा फोडते, मुलाला गोष्ट सांगते, आणि महत्त्वाचे म्हणजे दिवसभर घरात असते. नळाच्या आवाजाकडे लक्ष ठेवून तुम्हाला फोन करणे हे काम त्यांच्याइतके चांगले कोणी करणार नाही. जमिनीवर बसणे त्यांना जमत नसेल, तर स्वयंपाकघरात एक उंच पाठीची खुर्ची आणि हाताशी टेबल ठेवा. त्यांच्याकडे काम मागताना 'तेवढे जरा करता का' अशी विनवणी करण्यापेक्षा येसराचे प्रमाण, वर्षाची ज्वारी किती घ्यायची, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पाहुणे आले तर बेत काय करायचा, हे निर्णयच त्यांच्याकडे सोपवा. ज्या घरात वडीलधाऱ्या बाईच्या हाती फक्त हुकमाची कामे उरतात, तेथे कुरबूर सुरू होते. निर्णय हाती असेल तर त्या तुमची पाठराखण करतात.

यजमानांच्या बाबतीत मी स्पष्ट लिहिते. 2019 साली देशभर झालेल्या वेळेच्या वापराच्या सरकारी पाहणीत असे दिसले की, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ त्यात जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच फार थोडे होते. म्हणजे हा प्रश्न एका घराचा नाही, आणि म्हणूनच यजमानांशी भांडून तो सुटत नाही; वाटणी लिहून ठेवल्याने सुटू लागतो. शिफ्टची नोकरी येथे उलट सोयीची आहे. त्यांची दुसरी शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळी ते घरी असतात. मुलीचा डबा भरणे आणि मुलाला बालवाडीत सोडणे त्यांनी करावे. पहिली शिफ्ट असेल तेव्हा संध्याकाळचे बाजार आणि दळण त्यांचे. मोटर, टाकी आणि पिंपे घासणे ही कामे त्यांची कायमची असावीत, शिफ्ट कोणतीही असो. मदत म्हणून केलेले काम सांगितल्याशिवाय होत नाही आणि सांगणाऱ्याचे डोके मोकळे होत नाही. एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्याकडे गेले, की ते केव्हा करायचे हे लक्षात ठेवणेही त्यांच्याकडे जाते, आणि तुमचा खरा भार तेथेच हलका होतो. पिंप त्यांनी तुमच्या पद्धतीने घासले नाही, तर पुन्हा घासू नका.

मुलांनाही कामे द्यावीत, आणि मुलगी-मुलगा असा भेद न करता द्यावीत. चार वर्षांचा मुलगा चपला जागेवर लावतो, जेवणाआधी चमचे मांडतो, वाळलेल्या धुण्यातून मोज्यांच्या जोड्या जुळवतो. मुलगी स्वतःची बाटली भरते, दिनदर्शिका सांभाळते, डाळ-तांदूळ मोजून धुते. मुलाला सहा वर्षे पूर्ण झाली की ताईची काही कामे त्याच्याकडे जायला हवीत, हे आजच घरात सांगून ठेवा.

मुले ओरडण्यापुरतीच वाट्याला येतात, असे तुम्ही लिहिले आहे, आणि मला वाटते तुमचा खरा प्रश्न हाच आहे. यावर माझा उपाय साधा आहे, आणि तो ज्या घरांनी पाळला तेथे मी त्याचा परिणाम पाहिला आहे. कामावरून आल्यानंतर पहिली पंधरा मिनिटे स्वयंपाकघरात जाऊ नका. हातपाय धुवा, पाणी प्या आणि मुलांजवळ बसा. अभ्यास विचारू नका, डबा का उरला हे विचारू नका. त्यांनी जे सांगायचे ते ऐका. दिवसभर आईची वाट पाहिलेले मूल लक्ष मिळेपर्यंत मागेमागे फिरते, काही सांडते, भावंडाशी भांडते, आणि मग पुढचे दोन तास रागवण्यात जातात. पंधरा मिनिटे मिळाली की बहुतेक मुले आपणहून खेळायला निघून जातात. या काळात गॅसवर काही ठेवू नये आणि फोन पर्समध्येच असावा. झोपेची वेळही सांभाळा. शाळेत जाणाऱ्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठणारी मुलगी रात्री साडेनऊपर्यंत झोपली पाहिजे. रात्री पाणी येणार असेल, तर मुलांना त्यासाठी जागवू नये. सकाळची निम्मी आरडाओरड अपुऱ्या झोपेतून येते.

आणि तुमचे स्वतःचे जेवण. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सतत थकवा, जिना चढताना धाप, कारण नसताना येणारी चीड, या गोष्टींना आपण स्वभाव म्हणतो, पण त्यामागे कमी हिमोग्लोबिन असू शकते. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात एकदा तपासून घ्या. तसे निघाले, तर कोणतेही वेळापत्रक गोळ्यांची जागा घेणार नाही. उसळीवर आणि पालेभाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो. सर्वांचे झाल्यावर ओट्यापाशी उभे राहून उरलेले खाणे बंद करा. रात्री पाचही जणांची ताटे एकदम वाढावीत. भाकऱ्या टोपलीत फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर अर्धा तास मऊ राहतात, तव्यावरून ताटात पडण्याची गरज नसते.

हे सगळे एकदम सुरू करू नका. पहिल्या तीन पाण्याच्या दिवसांत फक्त दोन गोष्टी बदला: मोठे धुणे नळ चालू असतानाच, आणि त्या रात्री ठरलेला बेत. घर अस्ताव्यस्त दिसले तरी चालेल, पाहुण्यांनी काही म्हटले तरी चालेल. तीन चक्रे जमली की वारांचा बेत लावा, त्यानंतर यजमानांची लिखित वाटणी. रविवारी धुणे उरले नाही असे लक्षात येईल, तेव्हा त्या मोकळ्या वेळेत कपाटे आवरायला काढू नका. मुलांना घेऊन संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी जाऊन या. कपाटे पावसाळ्यात आवरता येतील. आणि पुढचे पाणी सुटण्यापूर्वी कडक भाकरीचा एक पुडा आणि पाव किलो येसर तेवढे आणून ठेवा.